दस्तऐवज-दर्शक : खिडकी मिटल्यावर उरणारी प्रक्रिया

पीडीएफसारखे दस्तऐवज दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची खिडकी बंद केली, तरी त्याची प्रक्रिया, म्हणजे संगणकाच्या स्मृतीत जागा अडवून चाललेले त्याचे काम, काही वेळा थांबत नाही. अशा वेळी ती फाइल 'दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' असा संदेश येतो आणि तिचे नाव बदलता येत नाही की ती पुसता येत नाही.

उदाहरणार्थ, पालघर जिल्हा आणि त्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहत या परिसरात महसुली व कारखानदारी असे दोन्ही प्रकारचे कागद पीडीएफमधूनही फिरतात. त्यांपैकी सातबारा येथे विशेष विचारात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्रात 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. बहुतेक ब्राउझर ही स्वाक्षरी तपासत नसल्यामुळे ती पडताळण्यासाठी फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी लागते, आणि प्रमाणपत्र रद्द झालेले नाही ना, हे पाहण्यासाठी रीडर इंटरनेटवरून विचारणा करतो. नेट मंद असेल, तर उत्तराची वाट पाहणारा धागा (प्रक्रियेतील उपकाम) खिडकी मिटल्यावरही रेंगाळू शकतो. प्रिंटरकडे अडकलेली छपाई, फाइल एक्सप्लोररचे पूर्वदर्शन आणि बिघडलेले प्लगिन ही इतर कारणे होत.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रीडरच्या दोन नोंदी दिसल्या म्हणजे दोष आहेच, असे नव्हे. 2010 च्या रीडर-10 पासून संरक्षित अवस्था आली. तिच्यात एक प्रक्रिया दस्तऐवज वाचते व दुसरी तिच्या वतीने कार्यप्रणालीशी व्यवहार करते. खिडकी मिटल्यानंतर मिनिटभराने नोंदी उरल्या, तरच उपाय करावा. प्रथम छपाईची रांग रिकामी करावी. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा व उरलेली प्रक्रिया 'एंड टास्क'ने संपवावी, मात्र त्यापूर्वी दुसऱ्या खिडकीत अर्धवट भरलेला अर्ज उघडा नाही, याची खात्री करावी, कारण सक्तीने संपवलेली प्रक्रिया न जतन केलेला मजकूर वाचवत नाही आणि तो अर्ज भरणाऱ्याचे श्रम वाया जातात. दोष वारंवार येत असल्यास प्रोग्रॅम अद्ययावत करावा, 'हेल्प' यादीतील दुरुस्तीचा पर्याय वापरावा आणि पूर्वदर्शन बंद ठेवावे.

संरक्षित अवस्था बंद करण्याचा सल्लाही काही जण देतात. त्याने अडथळा सुटू शकतो, परंतु घातक फाइलपासूनचे कवच जाते, म्हणून अनोळखी लोकांच्या पेनड्राइव्हवरील कागद छापणाऱ्या केंद्रांत तो कारण शोधण्यापुरताच, तोही तात्पुरता, वापरणे इष्ट होय.

लिनक्सवरील एव्हिन्स या दर्शकाची अडकलेली प्रक्रिया 'किल' आज्ञेने संपवता येते.