शालेय नाट्यप्रयोग व गीतांचा प्रयोगाधिकार

प्रयोगाधिकार म्हणजे नाटक, काव्य अथवा संगीतरचना लोकांपुढे सादर करण्याचा किंवा तशी अनुज्ञा देण्याचा रचनाकाराचा अधिकार. लेखाधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा, तो एक घटक होय. पुस्तक विकत घेतल्याने त्यातील गीत रंगमंचावर गाण्याचा हक्क ग्राहकास मिळत नाही; शालेय नाट्यप्रयोगांतील अनुज्ञेचा प्रश्न या भेदातून उद्भवतो.

फ्रान्समध्ये १७९१ च्या कायद्याने नाटककारांचा प्रयोगाधिकार मान्य केला. गीतकारांना मात्र त्याचा लाभ उशिरा मिळाला. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका उपाहारगृहात आपली रचना विनामोबदला वाजविली जात असल्याचे पाहून एर्नेस्त बूर्झे या गीतकाराने पेयाचे पैसे देण्याचे नाकारले. न्यायालयाचा निर्णय त्याच्या बाजूने लागला आणि १८५१ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या वतीने मोबदला गोळा करणारी संस्था स्थापन झाली. इंग्लंडमध्ये नाटकांना १८३३ साली, तर संगीतरचनांना १८४२ साली हे संरक्षण लाभले.

भारतात १९१४ च्या अधिनियमाने ब्रिटिश कायदा लागू झाला. त्याची जागा घेणारा १९५७ चा अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. त्याच्या ५२ व्या कलमाने शिक्षणसंस्थांना महत्त्वाची सवलत दिली आहे : संस्थेच्या कार्यक्रमांच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी यांनी केलेला प्रयोग, प्रेक्षक हे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी प्रत्यक्ष संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरतेच मर्यादित असल्यास, अधिकारभंग ठरत नाही. तेव्हा येथे निर्णायक ठरते ते प्रेक्षकवर्गाचे स्वरूप. स्नेहसंमेलनात पालकांपुढे झालेला प्रयोग या सवलतीत बसतो. इमारतनिधीसाठी तोच प्रयोग गावातील नाट्यगृहात सर्वांस तिकिटे विकून केल्यास ती उरत नाही व अनुज्ञा घ्यावी लागते. प्रयोग ध्वनिमुद्रित करून प्रसृत करणेही तीत येत नाही. शिवाय रचनाकाराच्या लौकिकास बाध येईल असा फेरफार झाल्यास ५७ व्या कलमान्वये त्याला हरकत घेता येते.

अमेरिकेत १९७६ च्या कायद्यातील विनामूल्य प्रयोगांची सवलत नाट्येतर रचनांपुरती आहे. त्यामुळे संगीतिका बसविणाऱ्या शाळेस, प्रेक्षक केवळ पालक असले तरी, सामान्यतः परवाना घ्यावा लागतो.

अनुज्ञा कोणाकडून घ्यावयाची, हेही पाहावे लागते. कारण एकाच पदाचे शब्द आणि चाल यांचे धनी भिन्न असू शकतात. भारतात १९९२ च्या दुरुस्तीने अधिकाराची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० ऐवजी ६० वर्षे झाली. संगीत मानापमान (१९११) या नाटकाचे लेखक कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये निवर्तले. म्हणून त्यांच्या शब्दांवरील अधिकार २००८ अखेर संपला. संगीतकार गोविंदराव टेंबे यांचे निधन १९५५ मध्ये झाल्याने चालींची मुदत मात्र २०१५ अखेरपर्यंत होती. चित्रपटगीतांबाबत १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने निर्मात्याचे पारडे जड झाले होते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मोबदल्यातील वाटा सुरक्षित केला. अशा गीतांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था आपल्या सभासदांच्या वतीने परवाने देते.

मुलांना कलेचा परिचय व्हावा आणि रचनाकाराच्या श्रमाचे मोलही राहावे, या दोन हितांचा मेळ घालण्यासाठी कायद्याने ही मर्यादित सवलत ठेवली आहे.