काच, करंट आणि द्वारकेचे मिस्त्री

मोटारीच्या खिडकीचा नाशिकमधला इतिहास मला सांगायचा आहे, आणि तो खिडकीच नसलेल्या गाडीपासून सुरू होतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सातपूरला महिंद्राचा कारखाना आला, तेव्हा मी तिथल्याच आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होतो. त्या काळची जीप म्हणजे समोर काच आणि बाकी सगळी ताडपत्री. बाजूच्या पडद्याला पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन शिवलेला असे. पाऊस आला की पडदा सोडायचा आणि बटणं लावायची. दोन-तीन पावसाळ्यांत ते प्लॅस्टिक पिवळं पडून तडकायचं, मग गाडी हूडवाल्याकडे जायची आणि तो मशीनवर नवा चौकोन शिवून द्यायचा. म्हणजे आमच्या गावात गाडीची खिडकी आधी शिवणाऱ्याच्या हातात होती. तिथून ती मिस्त्रीकडे गेली, मिस्त्रीकडून आम्हा इलेक्ट्रिशियन लोकांकडे आली, आणि आता ती नक्की कोणाची यावर भांडण आहे.

अँबॅसिडरला आणि फियाटला काच होती, हँडल होतं. दाराच्या पॅडमागे काचेचं मशीन असे : दात्यांची पाटी, एकमेकांना छेदणारे दोन लोखंडी हात आणि काचेचं वजन तोलणारी स्प्रिंग. झिजले तर दाते झिजायचे, सुटली तर काच चॅनेलमधून सुटायची. हँडलमागची क्लिप काढायला मिस्त्री कापडाची चिंधी हँडल आणि पॅडच्या फटीत घालून इकडून तिकडे ओढायचे. क्लिप टणकन उडायची आणि ती शोधायला पोरगं गाडीखाली शिरायचं. पेचकस लावून पॅड ओरबाडणाऱ्याला त्या काळात कोणी मिस्त्री म्हणत नसे.

मी मात्र मिस्त्री नव्हतो. नाशिकच्या द्वारका ते वडाळा नाका या आग्रा रोडच्या पट्ट्यात मी एका उस्तादांकडे वायरिंग शिकलो. काच हा आमचा विषयच नव्हता. आमचं काम डायनामो, सेल्फ, कट-आऊट, हॉर्न, लाइट यांचं. आर्मेचर जळालं तर दुकानातच भरायचं, कार्बन घासून बसवायचे. आणि बॅटरी. आज बॅटरी ही विकत घ्यायची वस्तू आहे. तेव्हा ती दुरुस्त करायची वस्तू होती. काळा कडक रबरी डबा, वर डांबराचं सील, सेलना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या. एक सेल बसला तर डांबर तापवून काढायचं, प्लेटा बाहेर घ्यायच्या, सेपरेटर बदलायचे, पुन्हा शिसं ओतायचं. मग रात्रभर हळू चार्जिंग, सकाळी हायड्रोमीटर. काटा १२५० च्या वर दिसला की उस्ताद समाधानाने बिडी पेटवायचे. ॲसिडजवळ बिडी, चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो हे आयटीआयत मला शिकवलं होतं, पण ते त्यांना सांगायची माझी टाप नव्हती.

तोवर गिऱ्हाइकाला भाड्याची बॅटरी द्यायची. दोन वायरी सोडल्या, दुसरी बॅटरी ठेवली, दोन वायरी लावल्या. गाडीला त्याचं काही सोयरसुतक नसे. फार तर डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद पडे, आणि ते बहुतेक गाड्यांत आधीच बंद असे.

उस्तादांचा एक नियम होता. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय पैसे मागायचे नाहीत. झिजलेला कार्बन असो की उडालेला फ्यूज, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून द्यायचा. गिऱ्हाईक तो घरी नेऊन फेकून देई, पण पैसे कशाचे दिले ते त्याला कळलेलं असे. हा नियम पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

वीज दारात शिरली ती नव्वदच्या दशकात. टाटाची सिएरा १९९१ ची, इस्टेट १९९२ ची. १९९५ मध्ये देवूची सिएलो आली. १९९६ पासून फोर्डची एस्कॉर्ट तर इथेच, महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनू लागली. महिंद्रा आणि फोर्ड यांची ती भागीदारी होती. पुढे फोर्डने आपलं बस्तान चेन्नईजवळ हलवलं. कॉलेज रोडवरचे बिल्डर, पिंपळगाव-ओझरकडचे द्राक्षबागायतदार असल्या गाड्या घेऊ लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराचं पॅड उघडायला इलेक्ट्रिशियनला बोलावणं आलं. मिस्त्री बाजूला उभे राहून बघत. आमच्या बिरादरीत त्या दिवसांत छाती जरा फुगलेलीच होती.

जगाच्या मानाने आपल्याकडे हे पन्नास वर्षं उशिरा आलं. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या अखेरीस, १९४१ च्या आपल्या १८० मॉडेलसाठी, काच आपोआप वर-खाली करायची सोय दिली होती; पण ती तेलाच्या दाबावर चाले. गळती लागली की दार आतून तेलकट. आपल्याकडे आली ती थेट विजेची मोटर, तेव्हा एका कटकटीतून आपण सुटलो.

त्या पहिल्या पिढीचं सर्किट इतकं सोपं होतं की मी ते सिगारेटच्या पाकिटावर काढून शिकवत असे. बारा व्होल्टची मोटर, दोन वायरी. बटणाला हात नसेल तेव्हा दोन्ही वायरी अर्थला. वरचं बटण दाबलं की एका वायरीला प्लस, खालचं दाबलं की दुसरीला. मोटर उलटी फिरते. मोटरपुढे वर्म गिअर, त्यामुळे मोटर काचेला हलवते पण काच मोटरला हलवू शकत नाही, म्हणून ती आपल्या वजनाने खाली घसरत नाही. टेस्ट लॅम्प हातात असला की दहा मिनिटांत दोष सापडायचा. निम्म्या वेळा वायर तुटलेली असायची ती दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत, कारण दार उघडलं-मिटलं की वायर तिथेच वाकते. उरलेल्यांत मुख्य बटणाचे पॉइंट काळे पडलेले. निफाडचा एक बागायतदार बोर्डो फवारून तसाच गाडीत बसायचा. त्याच्या बटणांत मोरचुदाचा हिरवट थर मी कितीदा साफ केला असेल.

२००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली. तिने पॉवर विंडो ही शेठची चैन न ठेवता गावोगाव नेली. तिची काचेची बटणं दारावर नव्हती, दोन सीटच्या मध्ये होती. शहरी लोकांनी याची चेष्टा केली. मला ती जागा आवडायची : दारातून जाणाऱ्या वायरी कमी, उघड्या काचेतून पाऊस आला तरी बटण कोरडं. दारावरच्या बटणांचे हाल काय होतात ते २०१२ मध्ये सगळ्या गावाने पाहिलं. सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिलला काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि मे महिन्यात जो तो साबणाचं पाणी मारून फिल्म खरवडत बसला. ते पाणी काचेवरून ओघळून थेट हँडरेस्टवरच्या बटणांत. एवढी बटणं मी एका उन्हाळ्यात कधी बदलली नव्हती.

तोवर मोटरही बदलली होती. एकदा बटण टिचकलं की काच आपली आपण पूर्ण वर जाणारी, म्हणजे ऑटो, सोय आली. आणि ती आली की धोका आला, कारण वर चाललेल्या काचेत पोराचा हात किंवा मान सापडू शकते. परदेशात मुलं दगावलीही. म्हणून अमेरिका आणि युरोपच्या नियमांनी सांगितलं की आपोआप वर जाणाऱ्या काचेने अडथळ्यावर १०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण दहा किलोच्या वजनापेक्षा, जास्त दाब द्यायच्या आत उलटं खाली आलं पाहिजे.

आता काचेला हे कळावं कसं? आर्मेचरच्या दांड्यावर छोटं गोल चुंबक बसवलं, शेजारी हॉल सेन्सर. दांडा फिरला की सेन्सर पल्स देतो, काच चालवणारं मॉड्यूल ते मोजत राहतं. काच किती वर आहे हे त्या मोजणीवरून कळतं. पल्स मंदावले तर मध्ये काहीतरी आलं हे कळतं. पण गोम अशी की सगळ्यात वर, रबरात शिरतानाही काच मंदावतेच. तेव्हा हा अडथळा हात आहे की छताचं रबर, हे ठरवायला माथा कुठे आहे ते मॉड्यूलला ठाऊक पाहिजे. बऱ्याच गाड्यांत ते ठाऊक असणं बॅटरीवर टिकून असतं. वायर सुटली की मोजणी गेली.

इथे आमच्या धंद्याची गोष्ट पुन्हा बॅटरीपाशी येते. आता बॅटरी स्कूटरवरून घरपोच येते. पोरगा पंधरा मिनिटांत जुनी काढतो, नवी बसवतो, वॉरंटी कार्डाचा फोटो काढतो आणि जातो. संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन मला : "भाऊ, काच वर जाती अन् परत खाली येती. बॅटरीवाल्याने काहीतरी बिघडवलं." किंवा ऑटो चालतच नाही, बटण धरून ठेवावं लागतं. काही गाड्यांत बटणावरचा दिवा लुकलुकत राहतो. बॅटरीवाल्याने काहीच बिघडवलेलं नसतं.

उपाय असा. दारं बंद, चावी ऑन, जमलं तर इंजिन चालू. काच पूर्ण खाली न्यायची आणि बटण दोन-तीन सेकंद दाबूनच ठेवायचं. मग वर ओढायचं आणि काच रबरात बसली तरी पाचेक सेकंद सोडायचं नाही. मग ऑटो देऊन बघायचं. ऑटो चारही काचांना असेल तर प्रत्येकीचं वेगळं, आणि पुष्कळदा त्या-त्या दाराच्या बटणावरून. ड्रायव्हरकडच्या बटणाने केलं तर काही गाड्या मानत नाहीत. कंपनीगणिक सेकंद आणि क्रम बदलतो, तो गाडीच्या पुस्तकात असतो. मोटर, काचेचं मशीन, काच किंवा मॉड्यूल बदललं तरी हेच करावं लागतं, आणि काही गाड्यांना त्यासाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावावा लागतो. हे चालू असताना पोरांना गाडीतून उतरवायचं, कारण शिकून होईपर्यंत काच हाताला घाबरत नाही. ज्या गाडीत ऑटोच नाही तिला विसरण्यासारखं काही नसतं. साध्या बोलेरोवाल्याने हे वाचून कामाला लागू नये.

विसरण्यावरून लोक कंपन्यांना शिव्या घालतात. मोबाइलला सगळं लक्षात राहतं, मग एवढ्या पैशाच्या गाडीला का नाही? मला इथे कंपनीची बाजू पटते. करंट नव्हता तेवढ्या वेळात कोणी दार उघडून काच हाताने सरकवली असेल, मोटर बदलली असेल, रबर नवं घातलं असेल. मॉड्यूलला ते कळायला मार्ग नाही. जुनी मोजणी धरून बसलं आणि माथा चार बोटं चुकला, तर ज्या ठिकाणी हात ओळखायचा तिथेच ते रबर समजून जोर लावील. त्यापेक्षा ऑटो बंद करून पुन्हा विचारलेलं बरं. काही गाड्या मोजणी कायमची लिहूनही ठेवतात आणि बॅटरी काढली तरी त्यांचं काही अडत नाही. पण मशीन बदलल्यावर त्यांनाही नव्याने शिकवावंच लागतं.

२०१५ च्या सिंहस्थात हे मी घाऊक भावात केलं. पर्वणीला बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगला अडवल्या होत्या. ड्रायव्हर लोक दार उघडं टाकून, गाणी लावून आत झोपत, आणि सकाळी बॅटरी उतरलेली. जंपर लावून गाडी चालू करून दिली की राजस्थानचे, गुजरातचे ड्रायव्हर काचेची तक्रार घेऊन परत येत. भाषेची अडचण आली नाही. बटणावर बोट ठेवून दाखवलं की झालं.

अडचण येते ती पैशाची. पोरांच्या हातात फोन आहेत, त्यावर बघून गिऱ्हाईक स्वतः करतं, बॅटरीवालाही करू लागला आहे, आणि शोरूममध्ये त्याचं बिल निघतं. आमच्याकडे आलेला माणूस म्हणतो, "नुसतं बटण तर धरलं, त्याचे कसले पैसे?" आणि उस्तादांच्या नियमाने तो बरोबर आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायला माझ्याजवळ काही नाही. माझ्याकडची पोरं म्हणतात, त्याला चहा प्यायला पाठवा, तोवर पॅड उघडून ठेवा, मग करा. काही दुकानांत तसं चालतं. मला ते जमत नाही.

मी एक रीत पाडली आहे. कसाऱ्याच्या घाटातून, पावसात काच उघडी घेऊन कोणी फोन केला तर फोनवर सांगतो, पैसे नाहीत. दुकानात आला तर त्यालाच सीटवर बसवून त्याच्याच बोटाने करायला लावतो, त्याचेही नाहीत. मग बॉनेट उघडतो. घाईत बसवलेल्या नव्या बॅटरीचे क्लॅम्प पुष्कळदा ढिले असतात किंवा आतून पांढरे, ते घासून आवळतो, व्हॅसलीन लावतो. इंजिन चालू करून, लाइट आणि एसी लावून, मीटर बॅटरीवर धरतो आणि गिऱ्हाइकाला वाकून आकडा वाचायला सांगतो. १४ च्या आसपास दिसला तर चार्जिंग ठीक; १३ च्या खाली राहिला तर अल्टरनेटर बघावा लागेल, नाहीतर नवी बॅटरीही महिन्याभरात उतरेल. त्या आकड्याचे मी पैसे घेतो, आणि आजवर कोणी ते नाकारलेले नाहीत.