बंगळूरचा बंदी, रेल्वेचा मंत्री

बंगळूरशी मराठी माणसाचे नाते सांगताना आम्ही शहाजीराजांपासून आरंभ करतो आणि बहुधा तेथेच थांबतो. परंतु आमच्या हयातीतील एका थोर मराठी पुरुषाने याच नगरीत दीर्घ बंदिवास भोगला, हे पीण्यातील आमच्या तरुण पिढीस ठाऊक असावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रा. मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरचा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. बेचाळीसचे आंदोलन, गोवामुक्तीचा सत्याग्रह आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांतून घडलेला हा समाजवादी प्राध्यापक बॅ. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये राजापूरहून लोकसभेवर निवडून गेला आणि तेव्हापासून सलग पाच निवडणुकांत कोकणाने त्यांनाच कौल दिला.

जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूरास आले होते. २६ जूनला आणीबाणी जाहीर झाली आणि अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना येथेच अटक झाली. चौघांनी कर्नाटकाच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. परंतु अशा अर्जांचा मार्गच सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी बंद केला. मध्यंतरी काही काळ रोहतकला हलविले, तेवढा वगळता त्यांचा बंदिवास येथील मध्यवर्ती कारागृहातच गेला. तिकडे पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. दोन तुरुंगांच्या भिंतींमधून जाणारी पत्रे, एवढाच काय तो त्यांचा संसार! घरापासून दूर राहून पत्राची वाट पाहणे म्हणजे काय, हे आम्हांस सांगावयास नको.

१९७७ मध्ये हाच बंदी रेल्वेमंत्री झाला. मे १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. यंत्राच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या आमच्या कामगार बांधवांना या एका निर्णयाचे मोल पुरते कळेल. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या फळ्यांवर दोन इंची फोमची गादी आली, ती त्यांच्याच कारकीर्दीत. वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबईहून हावड्यास निघाली. मिरजेला गाडी बदलून, कडेवर मूल आणि हाती वळकटी घेऊन गावी जाणाऱ्या आमच्या पिढीला त्या गादीची ऊब विसरता येणार नाही.

पुढे १९८९ ते ९० या काळात ते अर्थमंत्री होते. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला तो तेव्हाच. कोकण रेल्वे महामंडळही १९९० मध्येच स्थापन झाले. रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. राजापूरकरांनी मात्र १९९१ मध्ये नानांचा पराभव केला. लोकशाहीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने मतदारांचा हा निकालही स्वीकारला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत नाना निवर्तले. देहही त्यांनी जे. जे. रुग्णालयास दान केला होता.

त्या कारागृहाच्या जागी आज फ्रीडम पार्क आहे. आम्ही आमच्या मुलाबाळांना एकदा तेथे घेऊन जावे. आणि सुट्टीत गावी निघताना बर्थवर पाठ टेकताच, या शहरात डांबल्या गेलेल्या त्या प्राध्यापकाची त्यांना आठवण करून द्यावी.