लाद्यांची झिलई व जतन

घरातील लादीच्या जमिनीचा पृष्ठभाग घासून सपाट व तकतकीत करणे, त्यातील सूक्ष्म छिद्रे भरणे आणि पाणी, तेल व डाग यांपासून रक्षण करणारा लेप त्यावर देणे, या क्रियांचा समावेश झिलईकामात होतो. व्यवहारात त्यास ‘पॉलिश’ हाच शब्द रूढ आहे. एकदा बसविलेल्या लादीला निगेची गरज नसते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि महाराष्ट्रातील घरांच्या जमिनींचा इतिहास पाहता तो बऱ्याच अंशी झिजलेला पृष्ठभाग पुनःपुन्हा नवा करण्याच्या रीतींचा इतिहास असल्याचे दिसून येते.

पूर्वपीठिका : खेड्यापाड्यांतील मातीची जमीन चोपण्याने चोपून घट्ट करीत व शेणकाल्याने सारवीत. हे सारवण ठराविक दिवसांनी व सणासुदीला पुन्हा करावे लागे. झीज आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी तेथे गृहीतच होत्या. वाड्यांतून चुन्याचा कोबा केला जाई. चुना, वाळू व विटांची भुकटी यांचे मिश्रण पसरून ते ठोकीत आणि ओले असतानाच त्याचा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करीत. कर्नाटकातील शहाबाद परिसरातून येणारी चुनखडकाची फरशीही मोठ्या प्रमाणावर वापरात आली. ती नित्याच्या वावराने व धुण्यापुसण्याने गुळगुळीत होत जाते.

लादीचा उदय : भाजलेल्या रंगीत नक्षीच्या लाद्यांचे उत्पादन इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पुन्हा सुरू झाले. सॅम्युएल राइट यांनी १८३० मध्ये त्यासंबंधीचे एकस्व घेतले व हर्बर्ट मिंटन यांनी या धंद्याचा विस्तार केला. अशा लाद्या आयात होऊन मुंबईतील सार्वजनिक इमारतींत बसविण्यात आल्या. सर्वसामान्यांच्या घरांत मात्र निराळ्या जातीची लादी पोहोचली. जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतल्यानंतर काही दशकांतच भट्टीशिवाय, केवळ दाबाने लादी तयार करण्याची पद्धती युरोपात विकसित झाली. बार्सेलोना येथील एका कारखान्याच्या अशा लाद्या १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडण्यात आल्या होत्या. धातूच्या साच्यात नक्षीचे कप्पे बसवून त्यांत सिमेंट, संगमरवराची पूड व रंगद्रव्ये यांचा पातळ काला ओततात. कप्पे काढून त्यावर कोरड्या मिश्रणाचा थर देतात व सर्व दाबयंत्राखाली दाबतात. नंतर लादी पाण्यात ठेवून पक्की होऊ देतात.

भारतात पोरबंदर येथे १९१४ मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. आयात लादीला पर्याय म्हणून फिरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्ये मुंबईत ‘भारत टाइल्स’ या उद्योगाची स्थापना केली. त्यामागे स्वदेशीची प्रेरणा होती. १९३० नंतरच्या दशकांत मुंबईत सदनिकांच्या इमारती वाढत गेल्या व त्यांबरोबर सिमेंटच्या आणि मोझेइकच्या लाद्यांचा प्रसार झाला. सिमेंटच्या फरशीच्या लाद्यांसाठी १९५९ मध्ये भारतीय मानक प्रसिद्ध झाले.

झिलईची प्रक्रिया : मोझेइक लादीच्या वरच्या थरात संगमरवराची खडी सिमेंटमध्ये बसविलेली असते. हा थर काही मिमी. जाडीचा असल्याने तो घासता येतो, हेच या लादीचे वैशिष्ट्य होय. लाद्या बसविल्यानंतर दरजा व छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटच्या काल्याने भरतात. काला घट्ट झाल्यावर कारबोरंडमचे दगड लावलेल्या यंत्राने जमीन पाणी टाकत घासतात. प्रथम जाड कणांचा, नंतर मध्यम व शेवटी बारीक कणांचा दगड वापरतात. साधारणपणे ६०, १२० व ३२० असे क्रमांक असतात. दोन घासण्यांच्या दरम्यान उघडी पडलेली छिद्रे पुन्हा भरावी लागतात. शेवटी ऑक्झॅलिक अम्लाची पूड शिंपडून ओल्या नमद्याने रगडतात आणि जमीन कोरडी झाल्यावर मेणाचा पातळ हात देतात. पाण्यामुळे धूळ उडत नाही. कोरड्या घासकामातील धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात व ते फुप्फुसांना घातक ठरतात. म्हणून ओले घासकाम ही कामगाराच्या आरोग्याच्या दृष्टीनेही आवश्यक बाब होय.

नक्षीच्या सिमेंट लादीचा रंगीत थर मात्र पातळ असतो. ती यंत्राने खोल घासल्यास नक्षीच नाहीशी होते. तिच्यावर हलके घासकाम करून मेण किंवा योग्य लेप देणे एवढेच पुरेसे असते.

अम्ल आणि लेप : सिमेंट, संगमरवर व चुनखडक यांत कॅल्शियमची संयुगे असतात. डाग काढण्यासाठी घरोघर वापरले जाणारे हायड्रोक्लोरिक अम्ल ही संयुगे विरघळविते. डागाबरोबर पृष्ठभागही झिजतो, छिद्रे मोठी होतात व नंतरचे डाग अधिक खोल मुरतात. लिंबू व चिंच यांचे सांडलेले पाणीही अल्प प्रमाणात हाच परिणाम करते. ऑक्झॅलिक अम्लाने मात्र न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होत असल्यामुळे बेताच्या वापराने पृष्ठभागास चमक येते.

लेप दोन प्रकारचे असतात. मेण, जवसाचे तेल, ॲक्रिलिक इत्यादींचे लेप पृष्ठभागावर पापुद्रा निर्माण करतात; सिलेन व सिलोक्सेन यांवर आधारित द्रावणे छिद्रांत शिरून पाणी दूर ठेवतात. तळमजल्यावर जमिनीतून ओल चढत असल्यास पापुद्र्याखाली ती कोंडते व क्षारांचे पांढरे डाग उमटतात. यामुळे अशा जमिनीस लेप देण्यापूर्वी ओलीचे कारण दूर करावे लागते. लेपाची गरज ओळखण्याची सोपी रीत म्हणजे पाण्याचा थेंब टाकून पाहणे : तो मुरून लादी काळसर झाली तर ती सच्छिद्र आहे, थेंब तसाच राहिला तर लेप अद्याप कार्यक्षम आहे.

उत्तरकाल : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून काचित (व्हिट्रिफाइड) लाद्यांचा वापर झपाट्याने वाढला. त्यांची जलशोषकता ०·५ टक्क्याहून कमी असल्याने लादीला लेपाची गरज भासत नाही. केवळ दरजा जपाव्या लागतात. परंतु चकाकीचा वरचा थर एकदा ओरखडला की तो घरच्या घरी नवा करता येत नाही. लादीच बदलावी लागते. या बदलामुळे पॉलिश करणाऱ्या कारागिरांचे काम घटले आणि नूतनीकरणाच्या वेळी अनेक जुन्या जमिनी उखडल्या किंवा नव्या लाद्यांखाली गाडल्या गेल्या. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इमारतीच्या दर्शनी भागास मिळणारे संरक्षण घराच्या आतील जमिनीपर्यंत क्वचितच पोहोचते. तिचे भवितव्य बहुधा रहिवाशांच्या निर्णयावरच अवलंबून असते. मळकट दिसणारी मोझेइक जमीन पुष्कळदा झिजलेली नसून केवळ जुन्या मेणाच्या थरांनी झाकलेली असते. ते थर काढून घासकाम केल्यास खडीचे मूळ रंग पुन्हा दिसू लागतात. म्हणून जमीन उखडण्यापूर्वी तिचा एखादा कोपरा घासून पाहणे इष्ट ठरते.