टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

मागच्या शनिवारी शहापूरजवळ भातसा धरणात काकांची मोटरहोडी पाच मिनिटं मस्त पळाली आणि पाण्याच्या मधोमध गप्प. वल्हं एकच! मी लगेच कार्ब्युरेटर उघडायच्या गोष्टी सुरू केल्या (इंजिनिअर ना!). काकांनी फक्त टाकीच्या झाकणावरचा स्क्रू सैल केला. फुस्स... हवा आत गेली. रबरी फुगा चारदा दाबला, इंजिन चालू.

घरी येऊन थोडं खोदकाम केलं. १९०९ साली ओले एव्हिनरूडने विकायला काढलेल्या इंजिनात टाकी इंजिनावरच होती, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरायचं. त्यासाठी टाकीत हवा शिरायलाच हवी. १९४९ मध्ये जॉन्सन कंपनीने टाकी होडीत वेगळी ठेवली. एका नळीतून हवेचा दाब टाकीत, दुसरीतून पेट्रोल इंजिनाकडे. म्हणजे आता झाकण घट्टच हवं! पुढे इंजिनातच पंप आला, नळी एकच उरली आणि हवेचं भोक परत आलं. गंमतच आहे.

आता नवी भानगड. २००३ पासून आपल्याकडे पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल आलं, आज २० टक्के आहे. ते हवेतली ओल शोषतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाशी बसतात. नळीचं तोंडही तिथेच! काका पावसाळ्याआधी टाकी पार कोरडी करून ठेवतात.