एका दाताचा फरक

दोन घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवणं हा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या धंद्यातला कायमचा ताप. दोन सर्व्हरच्या वेळेत थोडा फरक पडला की रात्री दोनला फोन वाजतो. पण मंडळी, हाच ताप गाडीच्या इंजिनात आमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि तिथे चुकलं तर नुसती लॉग फाइल वाचून भागत नाही, कधीकधी व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून या शनिवारी टायमिंग बेल्टचा इतिहास.

१८७६ मध्ये निकोलाउस ऑटोने चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून हिशोब एकच आहे. आत घ्या, दाबा, पेटवा, बाहेर टाका. या चार कामांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक. क्रँक मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. बऱ्याच इंजिनांत तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकच जागा आळीपाळीने वापरतात. एक बाहेर पडल्यावरच दुसऱ्याने आत यायचं. या दोन शाफ्टमधला करार मोडला की टक्कर ठरलेली!

हा करार पाळायला आधी गिअर होते, मग साखळी आली. आपल्याकडची जुनी पेट्रोल अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी साखळीवरच चालायच्या. साखळी इंजिनाच्या आत, तेलात बुडालेली. वर्षानुवर्षं तिच्याकडे कोणी बघायचंही नाही. वाजायची थोडी, पण चालायची.

आता गंमत बघा. दातेरी पट्टा गाड्यांसाठी जन्मलाच नव्हता, तो आला शिलाई मशीनसाठी. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस यांनी सिंगर मशीनसाठी दात असलेला रबरी पट्टा बनवला. वरची सुई आणि खालचा बॉबिन यांची वेळ जुळायला हवी, आणि आवाज व तेलकटपणा नको, एवढीच गरज होती. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बिल डेव्हिनने रेसिंगसाठी पानहार्डच्या छोट्या इंजिनावर नॉर्टन मोटरसायकलची हेड्स बसवली आणि कॅम फिरवायला हाच पट्टा लावला. मग १९६२ मध्ये बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या ग्लास कंपनीने १००४ ही गाडी विक्रीला आणली. बेल्टवर कॅम फिरवणारी ही पहिली मोठ्या संख्येने बनलेली गाडी. मूळची शेतीची अवजारं बनवणारी ही कंपनी १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकेत पाँटिअ‍ॅकचं सहा सिलिंडरचं आणि इटलीत लाम्प्रेदीचं फियाट १२४ स्पोर्टसाठीचं इंजिन बेल्टवर आलं. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे बेल्ट गल्लीबोळातल्या गॅरेजपर्यंत पोचला.

माझ्या मते खरा बदल इथेच झाला. बेल्ट स्वस्त, हलका आणि गुपचूप काम करणारा, पण त्याला आयुष्य असतं. ठरावीक किलोमीटरनंतर तो बदलावाच लागतो. म्हणजे जो करार कारखान्यात एकदाच होऊन आत बंद व्हायचा, तो आता दर काही वर्षांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या हातात येऊ लागला.

चूक किती छोटी असते याचा हिशोब करू. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत आणि कॅमच्या पुलीला ४०. बेल्ट एकच दात सरकून बसला तर ३६० भागिले २०, म्हणजे क्रँकच्या हिशोबाने १८ अंशांचा फरक. एवढ्यावर बरीच इंजिनं सुरू होतात, आणि सगळी फसगत तिथेच होते.

माझ्या एका मित्राच्या बाबांच्या नव्वदच्या दशकातल्या गाडीचं असंच झालं. बेल्ट बदलला, गाडी सुरू झाली, पण चढावर दमच नाही. कार्बोरेटर साफ झाला, प्लग बदलले, कॉइल बदलली. टायमिंग लाइट लावून पाहिला तर स्पार्क अगदी बरोबर. शेवटी दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकने विचारलं, "काका, हे सुरू व्हायच्या आधी शेवटचं काम कोणतं केलं होतंत?" कव्हर काढलं, तर एका दाताचा फरक. आमच्याकडे याच प्रश्नाला "शेवटचं डिप्लॉयमेंट कधी झालं?" म्हणतात :)

मग टायमिंग लाइट खोटं बोलला का? नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. त्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर कॅमवर फिरतो. कॅम चुकला की स्पार्कही तेवढाच चुकतो. मेकॅनिकने डिस्ट्रिब्यूटर फिरवून स्पार्क क्रँकच्या खुणेशी जुळवला, व्हॉल्व्ह मात्र चुकीच्याच वेळी उघडत राहिले. लाइट फक्त स्पार्क दाखवतो, व्हॉल्व्ह दाखवत नाही.

म्हणून जुने लोक आणखी दोन गोष्टी बघायचे. एक, कॉम्प्रेशन. सगळ्याच सिलिंडरमध्ये सारखंच कमी असेल तर संशय टायमिंगवर, एकातच कमी असेल तर त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर किंवा रिंगवर. दुसरं, व्हॅक्यूम गेज. काटा स्थिर पण नेहमीपेक्षा खाली असेल तर व्हॉल्व्ह उशिरा चालतायत का ते बघायचं.

आणि हे सगळं टाळायची युक्ती अगदी साधी आहे. बेल्ट बसवल्यावर प्लग काढून, पाना लावून, क्रँक हाताने इंजिनाच्याच दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. दोन का? कारण कॅमचा एक फेरा तेव्हाच पूर्ण होतो आणि सगळ्या खुणा पुन्हा समोर येतात. बेल्टमधली ढील टेन्शनरच्या बाजूला न येता भलतीकडे राहिली असेल तर फिरवताना ती निघून जाते, आणि लपलेला दात उघडा पडतो. मध्येच काही अडलं तर जोर लावायचा नाही. हाताला लागलेलं ते अडणं म्हणजे पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह असू शकतो. स्टार्टरला ते कळत नाही.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आज क्रँक आणि कॅम या दोन्हींवर सेन्सर असलेल्या बऱ्याच गाड्या जमेनासं झालं की पी-००१६ हा कोड दाखवतात. पण कोड येतो इंजिन फिरल्यावर. तोवर टक्कर व्हायची असेल तर होऊन गेलेली असते.

दरम्यान अनेक कंपन्या पुन्हा साखळीकडे वळल्या. २०१२ च्या एक लिटर इकोबूस्टमध्ये फोर्डने बेल्ट तेलात ठेवला, आणि पुढच्या आवृत्तीत कॅमसाठी साखळी परत आणली. म्हणजे करार पुन्हा आत बंद.

पण रस्त्यावर बेल्टवाल्या गाड्या अजून भरपूर आहेत. तुमची त्यातली असेल तर बेल्ट बदलून झाल्यावर मेकॅनिकला एकच विचारा, "दादा, हाताने दोन फेरे फिरवून खुणा बघितल्या ना?" पाच मिनिटांचं काम आहे.

असो. आता मी चहा टाकतो.