लेन्स, रंग आणि आपला मोहल्ला

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनासाठी आमच्या उरणच्या वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर पाच मिनिटांची फिल्म केली. विषय त्यांनीच निवडला होता: एका मुलाची दादी सांदणं कशी करते. तयार फिल्म सगळ्यात आधी दादींनाच दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "ही बाई कोण?"

मुलांनी फिल्टर लावून त्यांचा चेहरा गोरा केला होता, सुरकुत्या पुसल्या होत्या. मागची मांडणी, भिंतीवरचं कॅलेंडर, दारातून दिसणारी गल्ली, सगळं मुद्दाम धूसर केलं होतं. "सर, असं केलं की सिनेमासारखं दिसतं," नातू म्हणाला.

तो चुकीचं बोलत नव्हता. सिनेमाला ही सवय आजची नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि 3 मे 1913 रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा स्वतःच बनवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. दोघांकडे पैसा कमी, हुनर मोठा. पण त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू पडद्यावर काळी पडायची आणि निळं आकाश पांढरं. सावळी, तांबूस त्वचा आहे त्याहून काळी दिसायची. म्हणून नट चेहऱ्यावर फिकट रंगाचा जाड थर चढवून कॅमेऱ्यासमोर उभे राहत.

पुढे रंग आला, तोही आपल्या ताब्यात नव्हता. 'प्रभात'ने 1933 मध्ये रंगीत 'सैरंध्री' केला, त्याच्या प्रती जर्मनीत तयार झाल्या आणि रंग बिघडले. 1937 मध्ये अर्देशीर इराणींनी 'किसान कन्या' हा रंगीत चित्रपट भारतातच तयार केला. त्याच्या लेखनाशी सआदत हसन मंटोचं नाव जोडलेलं आहे, हे उर्दूच्या वर्गात सांगताना मला दरवेळी बरं वाटतं. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने फोटोचे रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचं चित्र असलेलं कार्ड प्रयोगशाळांना दिलं होतं. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट आली की रंग बरोबर, असा हिशेब. मग बाकीच्यांचं काय? गडद छटा नीट येत नाहीत ही चॉकलेट आणि फर्निचर विकणाऱ्यांची तक्रार कंपनीने ऐकली, सावळ्या माणसांची नाही.

आता रंग संगणकावर ठरतो. त्याला कलर ग्रेडिंग म्हणतात. 2020 चा 'एक्स्ट्रॅक्शन' हा इंग्रजी चित्रपट आठवा. गोष्ट ढाक्याची, शूटिंग बरंचसं अहमदाबादेत, आणि पडद्यावर सगळं शहर काविळीसारखं पिवळं. मुस्लिम वस्ती दाखवायची म्हटलं की हिंदी पडद्यावरही अनेकदा हिरवट अंधार येतो. लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरून गल्ली टिपली की पुढचं-मागचं अंतर दबतं, माणसं एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात आणि साधी बाजारातली गर्दी भीतिदायक वाटू लागते. संवादात वाईट शब्द एकही नसतो, तरी प्रेक्षक मत बनवून घरी जातो.

म्हणूनच मी मुलांना मालेगावची गोष्ट सांगितली. यंत्रमागांच्या या शहरात बाहेरचे कॅमेरे आले ते मुख्यतः 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांनंतर. पण शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी त्याआधीच, 2000 साली, 'मालेगाव के शोले' बनवला होता. साधा व्हिडिओ कॅमेरा, ट्रॉलीऐवजी सायकल, क्रेनऐवजी बैलगाडी. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला, नायक यंत्रमागावर काम करणारा हडकुळा शफीक. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत लागला.

त्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत प्रतिमा टिपणारा सेन्सर नखाएवढा लहान असे. अशा कॅमेऱ्याला मागचं धूसर करणं सहसा जमतच नाही. त्यामुळे सुपरमॅनच्या मागे मालेगाव स्पष्ट दिसत राहिलं: भिंती, गल्ल्या, बघायला जमलेली पोरं. 2008 मध्ये कॅनन फाइव्ह-डी मार्क टू आला. मोठ्या सेन्सरवर फोटोच्या लेन्स लावून कमी पैशात व्हिडिओ काढता येऊ लागला आणि पार्श्वभूमी धूसर करण्याची हौस घरोघर पोहोचली. माझी तक्रार त्या लेन्सशी नाही. धूसर काय करायचं हे आपण न विचारता ठरवतो, तक्रार तिथे आहे.

मुलं विचारतात, "सर, मग कोणती लेन्स घ्यायची?" माझं उत्तर साधं आहे. कॅमेरा भाड्याने मिळाला तर एकच लेन्स घ्या, 35 मिलिमीटरची. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सर लहान असल्याने 50 ची लेन्स आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत फार जवळची पडते, भिंतीला पाठ लावूनही माणूस मावत नाही. मोबाइल असेल तर मुख्य लेन्सच वापरा, झूम करू नका, आणि चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. ब्यूटी फिल्टर बंद. व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कागदावर जुळवून तिथेच पक्का करा. उरणला समुद्र आणि मिठागरांमुळे दुपारचं ऊन डोळे दिपवतं, तेव्हा सकाळी शूटिंग करा.

ग्रेडिंगसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. त्यात रंग मोजणारी एक गोल तबकडी असते, तिच्यावर त्वचेसाठी एक रेषा आखलेली असते. गोरा असो की काळा, माणसाच्या कातडीचा रंग साधारण त्याच रेषेजवळ पडतो. फरक मुख्यतः उजेडाचा असतो. हे पाहून वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग नातू म्हणाला, "म्हणजे दादीला गोरं करायची गरजच नव्हती."

पुढच्या रविवारी मुलांनी खिडकीजवळच्या उजेडात फिल्म पुन्हा काढली. चेहरा सावळा, सुरकुत्यांसकट. मांडणी, कॅलेंडर, गल्ली जागच्या जागी. दादींनी पूर्ण पाहिली आणि नातवाच्या पाठीत धपाटा घातला. "भिंतीचे पोपडे दिसतायत. आधी सांगितलं असतंस तर चुना मारून घेतला नसता का?"